सिलिकॉनचा फॉर्म, खिशाची ब्रा आणि समुपदेशन: पुण्यात मला काय मिळालं

डावा स्तन काढल्यानंतर मी पुण्यात दोन गोष्टींवर पैसे खर्च केले, आणि ऑपरेशनच्या आधी या दोन्हींबद्दल मला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. एक म्हणजे ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे कृत्रिम स्तन. दुसरी, कर्करोगाच्या रुग्णांसोबतच काम करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडची समुपदेशनाची सत्रं. दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते आहे, कारण माझ्या बाबतीत एकाचं काम दुसऱ्याशिवाय झालं नसतं. फॉर्ममुळे मी बँकेच्या काउंटरवर परत बसले. बाथरूममधला दिवा लावून आंघोळ करायला लागले ती या बाईंमुळे.

आधी दुकानाबद्दल. टिळक रोडच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर आहे. नाव देत नाही, कारण मालकीणबाईंनीच तशी विनंती केली. फिटिंगला त्या एकट्याच असतात, एकेका बाईला तास-दीड तास देतात, आणि नुसत्या चौकशीचे फोन वाढले की जिला खरी गरज आहे ती ताटकळते. पण शहरातल्या कर्करोग विभागांमधल्या बऱ्याच सिस्टरांना हे दुकान ठाऊक आहे. ड्रेसिंगला जाल तेव्हा विचारा. मलाही एका सिस्टरनेच चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला होता.

त्याआधी मी लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. काउंटरवर पुरुष विक्रेते, मागे लग्नाच्या खरेदीची गर्दी, आणि मला काय हवंय हे त्या मुलाला कळावं म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं की एक बाजू नाहीये. त्याने पॅडेड ब्रांचे खोके समोर ठेवले. त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पण ज्या शहरात एवढी रुग्णालयं आहेत, केमोसाठी सातारा-सोलापूरहून बायका येतात, तिथे ही वस्तू चिठ्ठीवरच्या पत्त्यानेच शोधावी लागावी याचं मला अजूनही वाईट वाटतं. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्याकडे सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना तो नव्याने झाला. म्हणजे ही खरेदी काही जगावेगळी नाही.

मालकीणबाईंनी पहिल्यांदा काही दाखवलंच नाही. बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ऑपरेशन कधी झालं ताई? रेडिएशन संपलं का? हात सुजतो का?" मग म्हणाल्या, "मी बघू का? नको वाटत असेल तर कुर्त्यावरूनही माप घेता येतं." डॉक्टर आणि नर्स सोडून तोवर माझा व्रण कुणी पाहिला नव्हता. मी कुर्ता काढला. त्यांनी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "टाके छान भरलेत. काखेत खळगा आहे, म्हणजे गाठीही काढल्यात ना? मग तुम्हाला शेपटीवाला लागेल." इतक्या सरळपणे माझ्या छातीबद्दल त्या दिवसापर्यंत कुणी बोललं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

शेपटीवाला म्हणजे काखेच्या बाजूला थोडा लांबवलेला फॉर्म. काही फॉर्म तिकोनी असतात आणि दोन्ही बाजूंना चालतात, काही थेंबाच्या आकाराचे, काही फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूचे. किती भाग काढलाय आणि उरलेल्या बाजूचा आकार कसा आहे, यावर निवड ठरते. पण त्यांचा आग्रह असा की आधी ब्रा बसली पाहिजे, फॉर्मचा विचार त्यानंतर. या ब्रांना आतून सुती कापडाचा खिसा असतो, पट्टे रुंद असतात, काखेकडची बाजू उंच असते आणि तार नसते. घेर मोजला, दोन-तीन ब्रा घालून बघितल्या, खांद्याचा पट्टा व्रणाला घासतो का ते पाहिलं. मग खिशात फॉर्म घालून मला वाकायला लावलं, हात वर करायला लावलं, वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखं करायला लावलं. शेवटी माझा कुर्ता परत घालून दोन्ही बाजूंनी आरशात पाहायला सांगितलं. घाई म्हणून नाही. आतल्या खोलीत आरसा आहे, पण त्यावर पडदा आहे, आणि तो आपण सांगू तेव्हाच त्या बाजूला करतात. ज्याने कुणी हे सुचवलं असेल त्याला मी मनापासून नमस्कार करते.

आता वस्तूबद्दल. पातळ आवरणात सिलिकॉनचा जेल, हातात घेतला तर भिजवलेल्या कणकेच्या गोळ्याइतका जड आणि मऊ. घालताना गार लागतो, काही मिनिटांत अंगाची ऊब घेतो. वजन हाच त्याचा गुण आहे. ऑपरेशननंतर मी कापसाचं पॅड घालून वावरत होते. ते इतकं हलकं की हात वर केला की ब्राच वर सरकायची, आणि दिवसभर माझा एक हात नकळत ब्लाऊज खाली ओढत असायचा. उजव्या बाजूचा भार एकट्या उजव्या खांद्यावर येऊन मान धरायची. फॉर्म आल्यावर हात मोकळा झाला. नोटा मोजताना, पासबुक छापताना, समोरचा माणूस कुठे बघतोय हे तपासायचं मी थांबवलं. लगेच नाही, पण हळूहळू थांबलं.

मला फॉर्मचे साडेनऊ हजार पडले, ब्रा वेगळ्या. परदेशी बनावटीचे याहून बरेच महाग आहेत, बाईंनी तेही दाखवले, पण घ्या म्हणून गळ घातली नाही. विम्यातून यातला रुपयाही मिळाला नाही. ज्यांना परवडत नाही किंवा ज्यांचा व्रण अजून ओला आहे त्यांच्यासाठी विणलेला फॉर्म हा फार चांगला मार्ग आहे. सुती धाग्याने क्रोशावर विणतात, आत मऊ भरण घालतात. अमेरिकेत 2011 मध्ये 'निटेड नॉकर्स' या नावाने बायकांनी ही चळवळ सुरू केली, विणून मोफत द्यायची. आपल्याकडे साइशा इंडिया फाउंडेशन हे काम करतं आणि पैसे घेत नाही. माझ्याकडे एक विणलेला आहे, घरात आणि रात्री तोच घालते. सिलिकॉनचा फॉर्म जखम पूर्ण भरल्यावरच वापरायचा असतो, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, आणि रेडिएशन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. तोवर विणलेला किंवा फोमचा हलका फॉर्म पुरतो. विणलेल्याला वजन नाही, त्यामुळे तो ब्लाऊजला आतून टाचावा लागतो. पण पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये त्याला तोड नाही.

कारण उन्हाळ्यात सिलिकॉनखाली घाम साचतो. हा या वस्तूचा सर्वांत मोठा त्रास. दुपारी शिवाजीनगरला मेट्रोतून उतरून चालत बँकेत पोचेपर्यंत व्रणाची कातडी चिकचिकते. सुती खिसा असला तरी. मी रुमाल ठेवते, ऑफिसच्या वॉशरूममध्ये पुसून घेते. रोज संध्याकाळी सौम्य साबणाने धुवायचा, टिपून कोरडा करायचा आणि त्याच्या खोक्यातल्या खळग्यात उलटा ठेवायचा, म्हणजे आकार बिघडत नाही. आणि साडी नेसणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: सेफ्टी पिन. पदराच्या निऱ्यांची पिन खांद्यावरच लावा, छातीवर ब्रोच लावू नका. एक टोचणी, आणि आतला जेल बाहेर.

एक तक्रार मात्र मी दुकानातही केली आणि इथेही करते. रंग. 'स्किन' म्हणून जो मिळतो तो गुलाबी-पांढुरका असतो. आपल्या बायकांची कातडी गव्हाळ, सावळी, काळी. वस्तू झाकलेली असते हे खरं, पण ती मी रोज हातात घेते, धुते, जागेवर ठेवते. ती माझ्या रंगाची असावी असं वाटण्यात काय जास्त मागितलं? बाईंनी सांगितलं की गडद रंगाचे फॉर्म बनतात, पण इथे मागवणाऱ्या कमी म्हणून ते येत नाहीत. मग मागवा. आपण मागितलंच नाही तर येणार कसे. बाकी उणिवा छोट्या आहेत: लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, आणि केमो चालू असलेल्या बाईला तो चढवत नाही. फोन केला तर बाई स्वतः खाली येऊन हात धरतात, हे मी पाहिलंय.

ब्लाऊजचं सांगायलाच हवं. नातेवाइकांपैकी जवळजवळ प्रत्येकीने मला एकदा तरी म्हटलं, "डावा आहे ना, बरं झालं, पदराखाली जातं." माझ्या आत्येसासूबाई म्हणाल्या, जाऊबाई म्हणाल्या, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारीण काकूही म्हणाल्या. प्रेमाने म्हणाल्या, मला माहीत आहे. पण प्रत्येक वेळी मला वाटायचं, मला लपवायचं होतं असं यांना कुणी सांगितलं? आणि ऑफिसला मी कुर्ते घालते, तिथे पदर कुठला. शेवटी आमच्या नारायण पेठेतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांना फॉर्म दाखवला, खिशाची ब्रा दाखवली. त्यांनी मलमलच्या अस्तराचा एक खिसा ब्लाऊजलाच आतून शिवला, डाव्या बाजूचे टक्स थोडे हलवले, गळा दीड इंच वर घेतला, आणि काखेत ढिलाई ठेवली कारण माझा हात संध्याकाळी सुजतो. शिलाई नेहमीचीच घेतली. मापं घेताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण टेप हलला नाही. तुमच्याही ओळखीच्या शिवणाऱ्या ताई असतील. त्यांना सांगा, त्या करून देतात.

आता समुपदेशन.

फॉर्म घेऊन मी घरी आले, सगळं छान दिसत होतं, आणि त्याच आठवड्यात मला लक्षात आलं की मी रात्री दिवा घालवूनच कपडे बदलते. ह्यांच्याकडे पाठ करून झोपते. मुलगी मिठी मारायला आली की डावी बाजू मागे घेते. केमो संपली होती, रिपोर्ट चांगले होते, सगळे म्हणत होते "सुटलीस!" आणि मला तर रडायला तेव्हाच सुरुवात झाली होती. माझ्या सर्जनना मी हे सांगितलं, ते म्हणाले, जीव वाचला हे महत्त्वाचं, वेळ जाईल तसं बरं वाटेल. त्यांचे हात माझ्यासाठी देवाचे आहेत. पण हे उत्तर पुरेसं नव्हतं.

पुढच्या भेटीत केमो वॉर्डच्या सिस्टरने एक कागद पुढे केला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा. गेल्या आठवड्यात मनावर किती ताण होता तिथे खूण करायची. जगभर कर्करोग विभागांत हा कागद वापरतात, आणि चार किंवा त्याहून जास्त आकडा आला की रुग्णाशी जास्त बोलायला हवं असं धरतात. मी आठवर खूण केली. तिने लगेच आतल्या खोलीत फोन लावला. हा कागद मला पहिल्या दिवशीच मिळायला हवा होता. प्रत्येक विभागाने तो प्रत्येक बाईला द्यावा, याहून स्वस्त तपासणी कुठलीच नाही.

ज्यांच्याकडे मला पाठवलं त्या मानसशास्त्रज्ञ कर्वेनगरमध्ये बसतात, वयाने माझ्यापेक्षा लहान, मराठीतच बोलतात. कर्करोग आणि मन ही आता एक स्वतंत्र शाखा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात 1977 मध्ये जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी मानसोपचाराची सेवा उभी केली, आणि त्यांनाच या शाखेची जननी मानतात. मला हे ऐकून धीर आला. म्हणजे मी एकटीच विचित्र नव्हते, यावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत.

त्यांनी मला 'सकारात्मक राहा' असं एकदाही म्हटलं नाही. मी त्यांना सांगितलं की लोक मला फायटर म्हणतात आणि मला त्याचा थकवा येतो. त्या म्हणाल्या, "मग इथे नका लढू." मी जे गमावलं त्याचं दुःख करायला त्यांनी मला जागा दिली. मुलीला त्याच स्तनाने पाजलं होतं, त्याबद्दल मी बोलले. ऑपरेशननंतर त्याचं काय केलं असेल, हा प्रश्न मला छळायचा, तोही विचारला. तपासणी करून रुग्णालयाच्या नियमाने विल्हेवाट लावतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. इतके दिवस हे कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.

आरशाचं काम त्यांनी फार सावकाश करून घेतलं. आधी कपड्यांवरून, दुरून, थोडाच वेळ. मग ब्रा आणि फॉर्मसह. मग फॉर्मशिवाय, पण गाऊन घालून. शेवटी उघडी छाती. प्रत्येक वेळी काय दिसतं ते सरळ शब्दांत लिहायचं: रेघ, तिचा रंग, लांबी, कुठे बधिर आहे. 'कुरूप' असं लिहिलं तर त्या खोडायला सांगत नसत, फक्त विचारत, हे दिसलं की वाटलं? बधिर कातडीवर रोज तेल लावायला सांगितलं, म्हणजे हाताला तो भाग परत आपला वाटेल. फिजिओथेरपिस्टनेही व्रण हलकेच चोळायला सांगितलं होतं, तो आवळू नये म्हणून. एकाच तेलाने दोन्ही कामं झाली.

एका सत्राला ह्यांना बोलावलं. मला वाटत होतं की ह्यांना किळस येते. ह्यांना वाटत होतं, हात लावला तर मला दुखेल, आणि शिवाय मी पाठ करते म्हणजे मला नकोच आहे. तीस वर्षांच्या संसारात आम्ही हे बोललो नव्हतो, तिसऱ्या माणसासमोर तासाभरात बोललो. मी टॅमॉक्सिफेन घेते, कर्करोग परत येऊ नये म्हणून द्यायची गोळी. या गोळीने अंगातून गरम वाफा येतात, कोरडेपणाही येऊ शकतो. त्यावर उपाय आहेत आणि ते कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच करायचे, हेही त्यांनी दोघांना बसवून सांगितलं. पन्नाशीनंतर हा विषय संपला असं धरून चालणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने त्या खोलीत एकदा बसावं.

औषधाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझी झोप पार गेली तेव्हा त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि टॅमॉक्सिफेन चालू आहे हे चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं. कारण नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन, यकृतातल्या एका एन्झाइमला अडवतात, आणि टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे प्रभावी रूप तयार व्हायला हवं ते कमी होतं. दुसरी चालणारी औषधं आहेत, ती निवडता येतात. स्वतःहून काही बंद करू नका, सुरूही करू नका, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची प्रिस्क्रिप्शनं दाखवा.

स्तन पुन्हा तयार करायचं ऑपरेशन करावं का, हेही आम्ही बोललो. ते पहिल्या ऑपरेशनबरोबर करता येतं, नंतरही करता येतं, पाठीचा किंवा पोटाचा मांसल भाग वापरून किंवा इम्प्लांट घालून. मी सध्या नको ठरवलं. बाईंनी ना आग्रह केला ना कौतुक. माझ्या ओळखीच्या एकीने केलं आणि ती फार समाधानी आहे. दोघीही बरोबर आहोत.

समुपदेशनाच्या उणिवा सांगते. एका सत्राची फी बाराशे रुपये, आणि माझ्या पगारात तेही मोजून करावं लागलं. संध्याकाळच्या वेळा पटकन भरतात. वाट बघायची जागा दुसऱ्या एका दवाखान्याबरोबर सामाईक आहे, तिथे सोसायटीतलं कुणी भेटलं तर काय सांगायचं हा विचार मनात येतो. ऑनलाइन सत्रं मिळतात, पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोकळेपणाने कुठे बोलणार? मी गच्चीत जाऊन बोलले, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. जिला फी परवडत नाही तिने 14416 लावावा. तो केंद्र सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा मदत-फोन आहे, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. कर्करोगाची खास माहिती तिथे मिळेलच असं नाही, पण रात्री तीनला छातीत धडधड सुरू झाली की कुणीतरी ऐकतं. दर सहा महिन्यांच्या तपासणीआधी माझे चार-पाच दिवस अजूनही वाईट जातात. तेवढ्यापुरती मी आता सत्राची वेळ आधीच घेऊन ठेवते.

दुकानाला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा रंगासाठी कापला. समुपदेशनाला पाच.

जाणार असाल तर वेळ घेऊनच जा, दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. रोजच्या वापरातला एक ब्लाऊज आणि एक कुर्ता बरोबर न्या, फिटिंग त्यावरच तपासून मिळतं. ऑपरेशनची फाइल लागत नाही, पण रेडिएशनची शेवटची तारीख लिहून न्या, ती त्या नक्की विचारतात. पुढून हुक असलेली ब्रा मागून घ्या, ऑपरेशनच्या बाजूचा हात मागे वळत नसेल तर तीच घालता येते.